घंगाळावरचं नाव

बाईला दोन जन्म असतात, असं माझे सासरे सांगत. पहिला आईच्या पोटी आणि दुसरा सासरच्या तांदळाच्या ताटात. त्यातला खरा जन्म दुसराच. हे वाक्य ते डोळे मिटून, मध्ये एकदा श्वास घेऊन म्हणत, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते एखाद्या पोथीतलं वाटे. मी पोथ्या बऱ्याच वाचल्या होत्या, कुठल्याही पोथीत ते नव्हतं. शिवाय पहिल्या जन्माच्या वेळी निदान एक जाणती सुईण हजर होती. दुसऱ्या जन्माच्या वेळी सासरे होते.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. माझं माहेर पाथरीचं. वडील खाजगी शाळेत मराठी शिकवत आणि उरलेला वेळ पुण्याहून टपालानं येणाऱ्या पुस्तकांची वाट पाहत. सासर जिंतूरच्या वाटेवरचं एक खेडं. त्या खेड्यात पाहण्यासारख्या दोन गोष्टी होत्या, असं सासऱ्यांचं मत होतं: एक महादेवाचं देऊळ आणि दुसरं त्यांचं आडनाव.

आडनाव एका हुद्द्याचं होतं. हुद्दा मागेच कधीतरी चुलत घराण्याकडे गेला होता. आडनाव तेवढं आमच्या सासऱ्यांकडे राहिलं. तलवार विकून म्यान कमरेला बांधावं, तसं ते त्याला सांभाळत. ते उच्चारण्यापूर्वी खाकरत आणि उच्चारल्यावर समोरच्याच्या तोंडाकडे बघत. समोरचा बहुधा म्हणे, "म्हणजे ते कामकाज बघणारे आपणच का?" मग सासरे चुलत घराण्याविषयी बोलत, आणि ते बोलणं लवकर संपत नसे.

माझं माहेरचं आडनाव एका गावावरून पडलेलं. ते गाव वडिलांनीही पाहिलेलं नव्हतं, आणि नकाशात ते शोधावं असं त्यांना कधी वाटलंही नाही. त्यामुळे आडनाव बदलायला माझी काही हरकत नव्हती. जुनं वडिलांचं होतं, नवं नवऱ्याचं होतं. माझं त्यात काही जात नव्हतं. पण नाव माझं होतं. बाकी सगळं बदललं तरी तेवढं राहावं, एवढीच माझी इच्छा होती. लग्नाआधी मी वडिलांना तसं बोलून दाखवलं. ते पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाले, "अगं, तांदळातलं नाव ते. बोट फिरवलं की पुसतं." मला ते उत्तर फार धीराचं वाटलं नाही.

वरात सासरी पोचली. देवापुढे ताट मांडलं, त्यात तांदूळ पसरले आणि नवऱ्याच्या हातात सोन्याची अंगठी दिली. त्या अंगठीनं त्यानं तांदळात माझं नवं नाव लिहायचं. सासऱ्यांनी एका चिठोऱ्यावर नाव लिहून आणलं होतं. ते त्यांनी त्याच्यापुढे धरलं. नवऱ्यानं पहिलं अक्षर काढलं, दुसरं काढलं आणि थांबला.

"बाबा, हे तर आजीचं—"

"लिही."

"पण आजीचं नाव—"

"लिही म्हणतो ना!"

त्यानं लिहिलं. भटजींनी ते मोठ्यानं वाचलं, पेढे वाटले गेले. सासरे उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. "आमच्या मातोश्री," ते म्हणाले, "आज पुन्हा या घरात आल्या." तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांनी माना डोलावल्या. माझ्या सासूबाईंच्या हातातलं हळदीकुंकवाचं तबक मात्र एका बाजूला कललं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसत नव्हता. ज्यांना पोचवून आपण नुकतेच कुठे पाय पसरून बसलो, त्या पुन्हा दारात उभ्या असल्यासारखा तो चेहरा होता.

दुसऱ्या दिवशी जेवणात घास भरवायचे होते. मी नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतलं. उखाणा इतका जुना होता की नाव यायच्या आधीच बायका हसल्या. मग त्याची पाळी. त्यानं जिलबीचा तुकडा उचलला आणि सुरुवात केली:

"जिंतूरच्या वाटेवर कापसाचा ढीग, घास भरवतो माझ्या..."

आणि तो तसाच बसला. जिलबीचा पाक त्याच्या मनगटावरून कोपराकडे निघाला. त्याच्या आत्यानं पदर तोंडाला लावला आणि ती म्हणाली, "घे की रे नाव! आजीला जिलबी चारायची लाज वाटायलीय व्हय? जित्ती होती तवा तर ती तुलाच चारायची!" पंगतभर हसू फुटलं. नवऱ्यानं घास माझ्या तोंडात कोंबला आणि उखाणा अर्धाच राहिला. माझ्या माहितीप्रमाणे तो अजून अर्धाच आहे.

ज्या तांदळात माझा दुसरा जन्म झाला होता, ते तांदूळ तोवर जाऊबाईंनी निवडून खिचडीला घेतले होते.

सासऱ्यांनी एका गोष्टीचा विचार केला नव्हता. मोठेपणाच्या माणसाला विचाराला वेळ कमी मिळतो. आमच्याकडे बाई सासूचं नाव तोंडानं घेत नाही, सासू मेली तरी घेत नाही. म्हणजे माझ्या सासूबाईंना मला हाक मारता येईना. जाऊबाईंनाही आजेसासूचं नाव घेता येईना. नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेत नसतोच. थोरले दीर धाकट्या भावजयीला हाकच मारत नसत. आणि खुद्द सासऱ्यांनी आपल्या आईला जन्मभर आई म्हटलेलं. तिचं नाव त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. भटजी नाव सांगून आणि दक्षिणा घेऊन आपल्या गावी गेले होते. असं त्या घरात माझं एक फार थोर नाव होतं आणि ते उच्चारू शकेल असा एकही माणूस नव्हता.

मग "अगं" सुरू झालं. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडत, "अगं ए!" त्या हाकेला जाऊबाई उठून जात. किती तरी वर्षं "अगं" म्हणजे त्याच होत्या, त्यांच्या पायांना ती सवय होती. मी माडीवर पुस्तक वाचत बसलेली असे. कुणी बोलावल्याशिवाय नव्या सुनेनं पुढे पुढे करू नये, हेही सासऱ्यांनीच मला शिकवलं होतं.

जाऊबाई एकदा पाण्याची घागर आपटून म्हणाल्या, "बरंय बाई तुमचं! नाव एवढं मोठं की कुणाच्या तोंडात मावना. आमचं बारकं हाय म्हणून आमी धावायलोय."

सासूबाईंचं दुःख जास्त खोल होतं. एकदा भाकरी थापता थापता, चुलीकडे बघतच त्या बोलल्या, "त्या नावाच्या हाताखाली मी उभी जवानी दळण दळलं. आता ते नाव माझ्या घरात पाणी भरायला आलंय, आन् मला त्याला 'भर' म्हणायची सोय न्हाई." मग भाकरी उलटत म्हणाल्या, "ह्यांच्या आईनं मेल्यावरबी डाव साधला."

माझा नवरा परभणीला कचेरीत अहलकार होता. अहलकार म्हणजे कारकूनच, पण सासऱ्यांना अहलकार म्हणायला बरं वाटे. सुट्टी शुक्रवारची, तो गुरुवारी संध्याकाळी घरी येई आणि शुक्रवारी संध्याकाळी परत जाई. त्या एका दिवसात आम्ही बोलायचं कधी, हा प्रश्नच होता. सासरे त्याला ओसरीवर धरून ठेवत आणि चुलत घराण्याची ताजी हकीकत सांगत. आमचं नवेपण असं दर आठवड्याला चुलत घराण्याकडे जाई.

शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. "पोराचे खायचे हाल व्हायलेत," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "हिला धाडा परभणीला." पोराचं वजन वाढलेलं होतं, पण तो विषय कुणी काढला नाही. भाड्याच्या खोलीत राहणारी सून या घराण्यात झाली नाही, असं सासरे म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "ज्या सुनेला हाक मारता येत न्हाई, अशीबी झाली नव्हती." आपल्याला आवडेल तेवढंच सासऱ्यांनी ऐकलं. त्यांनी डोळे मिटले आणि अट घातली. सून जाईल, पण नावानिशी जाईल. परभणीत ती आमच्या मातोश्रींच्या नावानं आणि आमच्या आडनावानं ओळखली गेली पाहिजे. त्यात खोट आली, तर ती त्याच दिवशी परत येईल आणि इथेच राहील.

नाव बरोबर जावं म्हणून त्यांनी पितळेचं घंगाळ दिलं. लहान मूल त्यात पोहलं असतं एवढं मोठं. भांड्यांवर नावं घालणाऱ्याला बोलावून त्यांनी काठावर माझं पूर्ण नाव टिंबाटिंबांनी कोरून घेतलं. माझं नवं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, त्यापुढे गाव आणि तालुका. सगळा मजकूर काठाभोवती वळसा घालून जिथून निघाला होता तिथेच परत आला. सासरे त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा करून वाचून आले.

परभणीला आमची खोली एका विधवा बाईंच्या घरात होती. त्या दूध विकत. अंगणात गोठा होता. गाडीतून घंगाळ उतरवलं आणि न्हाणीकडे नेलं, तर न्हाणीच्या दारातून ते आत जाईना. आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. आडनाव अडकायचं. शेवटी ते अंगणातच राहिलं.

घरमालकीण मावशींनी मला विचारलं, "नाव काय पोरी तुजं?"

लग्न झाल्यापासून मला सगळे नाव सांगत होते. विचारलं ते त्यांनी एकट्यांनी. मी माझं नाव सांगितलं. माझं, माहेरचं.

"बरंय की," त्या म्हणाल्या. मग घंगाळाकडे बोट करून, "आन् ह्याच्यावर काय लिवलंय येवढं?"

मी त्यातलं पहिलं नाव वाचून दाखवलं.

"ही कोन?"

"आमच्या आजेसासूबाई."

"हायत?"

"नाहीत. वारल्या."

"मंग नाव रिकामंच हाय म्हना," मावशी म्हणाल्या. "लय झ्याक नाव हाय." आणि त्या धारेला गेल्या. घंगाळ नुसतंच पडून आहे असं बघून त्यांनी विचारलं, म्हशीला आंबोण द्यायला घेऊ का? मी घ्या म्हटलं. पितळ वापरात राहिलं की चांगलं राहतं.

त्यानंतरचे महिने सुखाचे होते, आणि सुखाविषयी लिहिण्यासारखं फार नसतं. खोलीचं दार लावलं की नवरा मला माझ्या नावानं हाक मारी. उघडलं की मी "अगं" होई. पहिल्यांदा त्यानं ते नाव घेतलं तेव्हा इतक्या हळू आवाजात घेतलं की मला त्याला पुन्हा म्हणायला लावावं लागलं. तो कचेरीतल्या साहेबाची नक्कल करी, मी सासऱ्यांची करी. डोळे मिटणं मला जमलं होतं. खाकरणं त्याला जास्त चांगलं जमे.

शुक्रवारी आम्ही रेल्वेनं पिंगळीला जायचो. परभणीपासून ते जवळचंच स्टेशन. लोक हवापालटाला कुठे कुठे जातात. आमची हवा पिंगळीपर्यंतच बदले. पिंगळीला पाहण्यासारखं काही नव्हतं, हाच तिचा गुण. देऊळ दाखवायला किंवा घराण्याची चौकशी करायला कुणी आडवं येत नसे. लिंबाखाली बसायचं, भाजलेल्या शेंगा खायच्या, हुरड्याच्या दिवसांत कुणाच्या तरी शेतावर हुरडा खायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. टरफलं टाकायला जागा भरपूर होती.

जाताना मी जनाना डब्यात बसे आणि तो पुढच्या डब्यात. अशाच एका शुक्रवारी माझ्या शेजारी बसलेली बाई आपल्या नणंदेच्या लग्नाची हकीकत सांगत होती. हकीकत ऐन रंगात आली आणि पिंगळी कधी आली ते मला कळलं नाही. नवरा उतरला, बघतो तर मी नाही. तो खिडक्यांजवळून धावू लागला.

"अगं! अगं ए, ऐकलंस का!"

जनाना डब्यातल्या सगळ्या बायका खिडकीशी गोळा झाल्या. प्रत्येकीला वाटलं आपलाच आला. एक म्हातारी म्हणाली, "आवं, आमचे तर पूर्णेला हायत, हे कोन वरडायलंय?" एवढ्या डोक्यांमागे मी होते, आणि मलाही ती हाक दुसऱ्या कुणाची तरी वाटली. गार्डानं शिट्टी फुंकली. नव्या नावानं हाक मारावी तर भर फलाटावर आजीला बोलावल्यासारखं होणार. मग त्यानं, कचेरीत फाइल सोडून दुसरं काही न उचललेल्या त्या माणसानं, फलाटावर उभं राहून माझं नाव पुकारलं. माझं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, सगळं एका दमात.

मी बायकांमधून वाट काढून उडी मारली. गाडी हलली. म्हातारीनं खिडकीतून सांगितलं, "ग्वाड हाय गं तुजा नवरा, पर वरडतो लय!"

फलाटावर त्या वेळी सासऱ्यांचे एक लांबचे भाऊबंद उभे होते. त्यांना गाडी पकडायची होती. पण सुनेचं नाव, तेही माहेरचं, नवऱ्यानं चारचौघांत पुकारलं, हे ऐकल्यावर त्यांनी गाडी सोडून दिली आणि आमच्याकडे पाहत उभे राहिले. बातमी हवी असली की माणूस केवढा त्याग करतो!

पुढच्याच शुक्रवारी सकाळी जिंतूरच्या मोटारीनं सासरे आले. पागोटं बांधलेलं, उपरणं घडीचं. ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि त्यांनी डोळे मिटले. मी दाराआड उभी होते.

"नाव सोडलं की घर सुटतं," ते म्हणाले. "मातोश्रींचं नाव दिलं. घंगाळ दिलं. आणि पिंगळीच्या फलाटावर भलतंच आडनाव गाजलं. चार लोकांत मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. सुनेला सामान बांधायला सांग. दुपारच्या मोटारीनं ती माझ्याबरोबर येईल."

नवरा खाली मान घालून उभा होता. बापापुढे तो एरवी बोलत नसे. मी दाराची कडी धरली होती. माडी, "अगं", आणि दर शुक्रवारी चुलत घराणं. हे सगळं मला त्या दारातून स्पष्ट दिसत होतं.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही हाक मारा तिला."

"काय?"

"त्या नावानं. एकदाच. तिनं ओ दिली नाही, तर घेऊन जा. मी काही म्हणणार नाही."

ओ द्यायची की नाही, हे माझं मलाच ठरवता येईना. दिली तर राहता येईल, पण ते नाव कायमचं चिकटेल. नाही दिली तर नाव राहील आणि परभणी जाईल.

सासरे ताठ बसले. उपरणं सारखं केलं. खाकरले. तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. आईचं नाव घेऊन तिला "ये" म्हणायचं होतं, आणि त्या बाईला उभ्या जन्मात कुणी "ये" म्हटलं नव्हतं. तीच सगळ्यांना म्हणायची. त्यांनी पुन्हा खाकरून पाहिलं. ओठ हलले. घाम पागोट्याखालून कपाळावर आला.

तेवढ्यात अंगणातून कुणीतरी ते नाव घेतलं. स्वच्छ, मोकळ्या गळ्यानं, वर "ये गं माय, ये" असं म्हणून.

सासऱ्यांचे डोळे उघडले. अंगणात मावशी आंबोण कालवत उभ्या होत्या. म्हैस गोठ्यातून उठली, शेपूट हलवत सावकाश आली आणि तिनं घंगाळात तोंड घातलं. मावशींनी तिच्या पाठीवर थाप मारली, पुन्हा एकदा नावानं तिचं कौतुक केलं आणि आम्हाला म्हणाल्या, "लय गुनाची हाय. हाक मारली की येती."

नाव रिकामं आहे असं मीच कबूल केलं होतं. मावशींनी ते भरलं होतं.

घंगाळाचा काठ आमच्याकडेच होता आणि त्यावरचं आडनाव म्हशीच्या गळ्याखाली अधूनमधून दिसत होतं. मी चहा करून आणला. सासऱ्यांनी बशीत ओतला, फुंकर घातली, प्यायले आणि आणखी अर्धा कप मागितला. सामानाचं कुणी विचारलं नाही. दुपारच्या मोटारीला बसायला ते एकटेच निघाले. निघताना त्यांनी नवऱ्याला विचारलं, "दूध कुठलं हे?"

"घरमालकीणबाईंचं. त्याच म्हशीचं."

"दाट आहे," सासरे म्हणाले.